हॉस्पिस चांगलं की नाही, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?



मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असलं की आपण शेजारी विचारतो. गुडघ्यासाठी, बाळंतपणासाठी, दातासाठीही तेच. कुणीतरी सांगतं, "आम्ही अमक्यांकडे गेलो होतो, उत्तम झालं." माणूस हिंडता-फिरता समोर असतो, त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. हॉस्पिसच्या बाबतीत हा रस्ता बंद असतो. ज्याने ती सेवा घेतली, तो सांगायला मागे राहिलेला नसतो. जे मागे राहिले, ते दुःखात असतात आणि बहुतेक वेळा उपकाराच्या ओझ्याखाली असतात. सेवा फुकट मिळाली असेल तर तक्रार करणं त्यांना पाप वाटतं. "देवमाणसं होती हो," एवढंच ते सांगतात. ते खरंही असतं. पण त्या देवमाणसांच्या हाताखाली रुग्णाची वेदना कमी झाली का, हे त्या वाक्यातून कळत नाही.

म्हणून आजच्या व्याख्यानात आपण एकच प्रश्न घेतोय. कांजूरमार्गसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाने आपल्या आवाक्यातली हॉस्पिस सेवा कशी पारखायची? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चांगुलपणा मोजता येत नाही, पण काम मोजता येतं. वेदनेची नोंद होते का, मॉर्फिन मिळतं का, रात्री फोन उचलला जातो का, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत कुणी येतं का, या चार गोष्टींची खरी उत्तरं मिळाली की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक सेवा. गंभीर आजारात दुखणं, धाप, उलटी, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, भीती यांवर केलेला उपाय. ती आजाराच्या पहिल्या दिवसापासून, केमोथेरपीसोबतही घेता येते. हॉस्पिस हा तिचा शेवटचा टप्पा. आजार आता मागे हटणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, उरलेले महिने किंवा आठवडे त्रास कमीत कमी व्हावा म्हणून दिलेली सेवा.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये झाली. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये तिथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्या आधी नर्स आणि समाजसेविका होत्या, मग डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, ही त्यांची मांडणी. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच झालं. कर्करोग-शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरी चर्चजवळ 'शांती अवेदना सदन' सुरू केलं. नावातच काम सांगितलंय, अवेदना, म्हणजे वेदना नसणं. तिथे प्रामुख्याने बळावलेल्या कर्करोगाचे रुग्ण घेतात आणि सेवा विनामूल्य असते. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांची घरी जाऊन सेवा देणारी पथकं आहेत आणि २०१२ पासून या विषयात एमडीचं शिक्षणही तिथे मिळतं. जिमी बिलिमोरिया फाउंडेशनची 'पालकेअर' ही संस्थाही मुंबईत रुग्णाच्या घरी जाऊन काम करते.

म्हणजे आपल्यासमोर तीन प्रकार आहेत. एक, खाटा असलेलं हॉस्पिस. दोन, घरी येणारं पथक. तीन, रुग्णालयाची उपशामक ओपीडी, जिथून औषधं आणि सल्ला घेऊन आपण घरी सांभाळतो. चांगल्या सेवेत हे तिन्ही एकमेकांना जोडलेले असतात.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो आधीच दूर करू. आपल्याकडे 'होम केअर' नावाने ब्युरो आणि कंपन्या असतात. त्या खाट भाड्याने देतात, ऑक्सिजन मशीन देतात, बारा तासांची मावशी किंवा नर्स पाठवतात. त्यांचा उपयोग होतोच, पण ती हॉस्पिस सेवा नव्हे. मावशी कितीही प्रेमळ असली तरी तिला मॉर्फिनची मात्रा वाढवता येत नाही. म्हणून फोनवर पहिलं विचारा, "तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आहेत का? ते आमच्या रुग्णाला स्वतः बघणार का?" इथेच अडखळले तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

कांजूरमार्गहून बघितलं तर

नकाशावर मुंबई एकच दिसते. आजारी माणसाला नेताना ती फार मोठी होते. कांजूरमार्गहून माउंट मेरीला जायचं म्हणजे दादरला गाडी बदला, वांद्र्याला उतरा, पुढे रिक्षा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी रुग्णवाहिका, आणि एलबीएस रोडवर गांधीनगर जंक्शनला अडकली की अडकली. रोज आईला भेटायला जाणाऱ्या मुलीचे जाण्या-येण्यात किती तास मोडतील, हाही दर्जाचाच भाग आहे. भेटायला जाता येत नाही ते हॉस्पिस कितीही चांगलं असलं तरी तुमच्यासाठी अपुरं.

म्हणून इथल्या बहुतेक घरांसाठी घरी येणारं पथक हाच व्यवहारी पर्याय. तेव्हा दुसरा प्रश्न असा, "कांजूरमार्ग तुमच्या हद्दीत येतं का? पूर्व की पश्चिम? आठवड्यातून कुठल्या वारी तुमची गाडी या बाजूला असते?" 'हो, सगळ्या मुंबईत येतो' हे उत्तर ऐकायला गोड असतं. 'भांडुप-विक्रोळी पट्ट्यात मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मध्ये गरज पडली तर फोनवर ठरवतो' हे उत्तर खरं असतं.

आणि पथक घरी आलं की त्याने घर बघितलं पाहिजे. चाळीतली खोली आहे की एसआरएच्या इमारतीतला अकरावा मजला? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? संडास घरात आहे का? पूर्वेला डम्पिंगचा वास येतो त्या दिवशी पेशंटला मळमळ वाढते का? हे विचारणारी नर्स कामाची माणूस आहे असं समजा. फक्त बीपी मोजून, चहा घेऊन निघणारी भेट ही भेट असते, सेवा नसते.

बाहेर कसं मोजतात?

अमेरिकेत सरकार प्रत्येक हॉस्पिसची माहिती लोकांसमोर ठेवतं. रुग्ण गेल्यावर काही काळाने कुटुंबाला ठराविक प्रश्नावली जाते. त्रास कमी झाला का, मदत वेळेवर आली का, काळजी कशी घ्यायची ते शिकवलं का. शिवाय एक साधा पण बोलका निकष आहे. आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा समाजसेवक प्रत्यक्ष आले होते का? इंग्लंडमध्ये सरकारी निरीक्षक हॉस्पिस तपासून श्रेणी देतात.

आपल्याकडे सामान्य माणसाला उघडून बघता येईल अशी यादी नाही. 'इकॉनॉमिस्ट' गटाने देशांची तुलना केली तेव्हा २०१० मध्ये ४० देशांत भारत चाळिसावा होता, २०१५ मध्ये ८० देशांत सदुसष्टावा. पण निकषच नाहीत असं मात्र नाही. केरळच्या पॅलियम इंडियाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी भारतातल्या केंद्रांसाठी किमान मानकं लिहून काढली आहेत. काही गोष्टी अत्यावश्यक, काही असाव्यात अशा. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा अखंड पुरवठा आणि वेदनेची लेखी नोंद यांना त्यात महत्त्वाची जागा आहे. हे आपण घरातूनही तपासू शकतो.

पहिली कसोटी: वेदना आणि मॉर्फिन

पथक पहिल्यांदा येतं तेव्हा बघा, रुग्णाला स्वतःला विचारतात का. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती?" असं विचारून आकडा कागदावर लिहितात का. आकडे कळत नसतील तर चेहऱ्यांची चित्रं दाखवतात का. बोलता येत नसेल तर कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, कूस बदलताना घट्ट धरलेला हात बघतात का. पुढच्या भेटीला मागचा आकडा काढून तुलना करतात का. वेदना लिहिली गेली नाही तर ती कमी झाली की वाढली हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं मॉर्फिन. इथे थोडं मागे जावं लागतं. आपला देश कायदेशीर अफूची शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती परवान्याने होते. अनेक वर्षं ही अफू परदेशी औषधांसाठी जात राहिली आणि आपल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिनची गोळी मिळेना. कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. त्याखाली रुग्णालयांना इतके परवाने काढावे लागत की बहुतेकांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मॉर्फिनसह सहा 'अत्यावश्यक' अमली औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून, संस्थेला मान्यता मिळते आणि देशभर एकच नियमावली लागू होते. तेव्हा सरळ विचारा, "तुमच्या संस्थेला मॉर्फिनसाठी मान्यता आहे का? नसेल तर आमच्या रुग्णाला ते कुठून मिळवून देता?"

"आमच्याकडे मॉर्फिनची गरज पडत नाही," असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. बळावलेल्या कर्करोगात अनेकांना कधी ना कधी त्याची गरज पडते. साधं मॉर्फिन सुमारे चार तास काम करतं, म्हणून ते घड्याळाप्रमाणे देतात, दुखायची वाट बघत नाहीत. मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्रा चिठ्ठीवर वेगळी लिहिलेली असते. आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, म्हणून सोबत पोट साफ राहण्याचं औषध असतं. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे पण जुलाबाचं औषध नाही, असं दिसलं तर लगेच विचारा. एवढ्या एका ओळीवरून लिहिणाऱ्याचा अनुभव कळतो.

घरात नेहमी येणारी भीती म्हणजे, मॉर्फिन सुरू केलं की माणूस लवकर जातो, किंवा व्यसन लागतं. डॉक्टरांनी बेतून, हळूहळू वाढवलेल्या मात्रेने आयुष्य कमी होत नाही आणि कर्करोगाच्या वेदनेत व्यसन क्वचितच लागतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी किंवा मळमळ येऊ शकते. चांगलं पथक हे आधीच सांगतं, म्हणजे घरचे घाबरून औषध बंद करत नाहीत.

दुसरी कसोटी: रात्रीचा फोन

वेदना, धाप आणि घाबरेपणा ओपीडीच्या वेळा बघून येत नाहीत. रात्री दोन वाजता माणूस उठून बसला, श्वास लागला, तर कुणाला फोन करायचा? फोन उचलणाऱ्याला आपल्या पेशंटची माहिती असेल का? तो "जवळच्या हॉस्पिटलला न्या" एवढंच सांगणार, की "कपाटातली ती गोळी अर्धी द्या, उशी उंच करा, खिडकी उघडा, मी लाइनवर आहे" असं सांगणार?

रात्री घरी यायला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगणारी संस्था प्रामाणिक असते. तिने किमान दोन गोष्टी दिलेल्या असाव्यात. एक, दिवसरात्र चालणारा फोन नंबर. दोन, अडीअडचणीची चिठ्ठी. धाप लागली तर कुठलं औषध, कळ आली तर कुठलं, बेचैनी वाढली तर कुठलं, आणि किती, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाला चिकटवलेलं. आमचा एक सल्ला आहे. गरज नसताना, पहिल्याच आठवड्यात, एकदा रात्री दहा वाजता त्या नंबरवर फोन करून एखादा साधा प्रश्न विचारून बघा. कुणी उचलतं का ते त्याच दिवशी कळेल.

ही कसोटी आम्ही इतकी ताणून धरतोय कारण हुकलेल्या फोनची किंमत फार मोठी असते. घाबरलेलं घर १०८ बोलावतं, माणूस कॅज्युअल्टीत पोचतो, तिथल्या डॉक्टरला काहीच पूर्वकल्पना नसते. मग नळ्या, आयसीयू, व्हेंटिलेटर. ज्याने घरातच, आपल्या माणसांत राहायचं म्हणून सांगितलं होतं, त्याचे शेवटचे दिवस काचेपलीकडे जातात. त्या वेळी नात्यातल्या कुणाचीच चूक नसते. रात्री आधार देणारा आवाज नव्हता, एवढंच.

तिसरी कसोटी: घरच्यांना शिकवतात का?

पथक आठवड्यातून एखाद-दोन वेळा येईल. बाकीचा सगळा वेळ सून, मुलगा, बायको किंवा नवराच नर्स असतो. म्हणून चांगली नर्स स्वतः करते त्यापेक्षा जास्त शिकवते. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादर न ओढता माणूस कसा सरकवायचा, बेडसोर होण्याआधी त्वचा लाल दिसते ती कुठे बघायची, नाकातल्या नळीतून अन्न देताना मान किती उंच ठेवायची, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची. आणि ती तुमच्याकडून एकदा करून घेते.

सांभाळणाऱ्या माणसाला "तुम्ही झोपता का? जेवता का?" हा प्रश्न कुणी विचारला का, हेही बघा. सून नोकरी सोडून घरी बसली असेल, मुलांच्या परीक्षा असतील, घराचा हप्ता थकला असेल. संस्थेकडे समाजसेवक किंवा समुपदेशक असेल तर तो या गोष्टींतही वाट काढून देतो.

चौथी कसोटी: खरं बोलतात का?

आपल्या घरांत एक वाक्य ठरलेलं असतं, "त्यांना काही सांगू नका हं." आणि रुग्णाला सगळं कळलेलं असतं. चांगलं पथक घरच्यांच्या इच्छेला धुडकावत नाही आणि रुग्णाशी खोटंही बोलत नाही. ते रुग्णालाच विचारतं, "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? काय राहिलंय मनात?" कुणाला गावची जमीन नावावर करायची असते, कुणाला भावाशी बोलायचं असतं.

याच बोलण्यात व्हेंटिलेटरचा विषय येतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि पूर्व-वैद्यकीय निर्देश, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, त्याला कायदेशीर वजन दिलं. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात, आणि प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. मुंबई महापालिकेनेही असे अधिकारी नेमले आहेत. हॉस्पिसच्या डॉक्टरला याची माहिती आहे का, तो हा विषय स्वतःहून काढतो का, हे बघा. पत्र केलेलं नसलं तरी शुद्धीवर असलेल्या माणसाला नको तो उपचार नाकारता येतो, आणि ते केस पेपरवर लिहिलेलं असावं.

याच्या उलट, "आमच्याकडे आणा, महिन्यात उभं करतो," असं म्हणणारा हॉस्पिसवाला नव्हे. तिथून उठा आणि घरी या.

पाचवी कसोटी: शेवटचे दिवस, आणि नंतर

शेवट जवळ आला की शरीर तो सांगतं. जेवण सुटतं, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वासात मध्येच खंड पडतो, घशात घरघर होते. हे आधी माहीत नसेल तर घर हादरून जातं. माहीत असेल तर घर त्या माणसाजवळ बसतं. म्हणून विचारा, "शेवटच्या दिवसांत तुम्ही येता का? रोज फोन तरी करता का?"

आपल्याकडे शेवटी तोंडात गंगाजल घालतात, तुळशीचं पान ठेवतात. गिळता येत नसताना चमच्याने पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. समजूतदार नर्स "असं काही करू नका" म्हणून कुणाला दुखावत नाही. ती सांगते, कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावा. विधीही होतो आणि त्रासही टळतो.

मग एक अगदी कोरडी गोष्ट, जी हमखास विसरली जाते. घरी मृत्यू झाल्यावर स्मशानात डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४ अ वर, आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. नोंदणी २१ दिवसांत व्हावी लागते. आपल्याकडची नोंद महापालिकेच्या एस वॉर्डात होते. पहाटे चार वाजता हा दाखला कोण देणार, हे आधी ठरलेलं नसेल तर दुःखात बुडालेलं घर डॉक्टर शोधत फिरतं, आणि अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाही. "दाखला तुम्ही द्याल का? नाही तर आमच्या फॅमिली डॉक्टरला आधीच माहिती द्याल का?" हे पहिल्याच भेटीत विचारा. विचारायला जड जातं, पण विचारा.

आणि तेराव्यानंतर एक फोन आला, "कसे आहात?" म्हणून, तर समजा ही माणसं काम जाणून करतात.

कागद आणि पैसे

डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. खाटा असलेल्या खाजगी केंद्राची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली असते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावावी लागते. भिंतीवर ती आहे का बघा. पैसे घेत असतील तर कशाचे किती, औषधं धरून की वेगळी, रुग्ण चार दिवसांत गेला तर उरलेले परत मिळतात का, हे लिहून घ्या. फुकट सेवेलाही हेच प्रश्न विचारायचे. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला ते विचारल्याने राग येत नाही. आला तर तेही एक उत्तरच आहे.

एका आठवड्याने पुन्हा बघा

निवड एकदा करून संपत नाही. सात दिवसांनी घरातल्या दोघांनी बसून पाच प्रश्नांची हो-नाही उत्तरं द्या. वेदनेचा आकडा खाली आला का? रात्री सलग झोप लागली का? पोट साफ होतंय का? फोन केला तेव्हा उचलला गेला का? घरातल्या एकाला तरी आता आधीपेक्षा कमी भीती वाटते का? तीन किंवा जास्त 'नाही' असतील तर त्याच पथकाशी स्पष्ट बोला. त्यांनी औषध बदललं, जास्त वेळा आले, तर उत्तम. नाही तर दुसरीकडे चौकशी करा. त्यात कृतघ्नपणा नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एका ताईंनी विचारलं की एवढ्या कसोट्यांवर उतरणारं कुणी आपल्या भागात मिळालंच नाही तर? मग जोडून काम करा. टाटा किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या उपशामक ओपीडीतून औषधांची चिठ्ठी आणि फोनचा आधार, जवळच्या फॅमिली डॉक्टरकडून अधूनमधून भेट आणि दाखला, आणि ब्युरोची मावशी फक्त हातांच्या कामासाठी. तिघांकडे एकाच फाइलची प्रत असू द्या. परिपूर्ण नसेल, पण वेदना आणि रात्र या दोन कसोट्या तरी सांभाळल्या जातील.

एका काकांचा प्रश्न होता की कर्करोग नाही, आईला स्मृतिभ्रंश आहे, हृदयही कमजोर आहे, मग? प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याच संस्था कर्करोगावर उभ्या राहिल्या, त्यामुळे "कुठल्या आजाराचे रुग्ण घेता?" हे पहिल्या फोनवरच विचारा. स्मृतिभ्रंशात आजार वर्षानुवर्षं चालतो. तिथे पथक किती काळ साथ देणार, तेही विचारून घ्या.

तिसरा प्रश्न, नेमका कधी फोन करायचा? बहुतेक घरं शेवटच्या आठवड्यात करतात, तोवर पथकाच्या हातात काही उरलेलं नसतं. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लवकरच उपशामक सेवा जोडून दिली, त्यांचा त्रास कमी राहिला, मन जास्त स्थिर राहिलं, आणि त्यांचा जगण्याचा मध्यम काळही जास्त निघाला, ११.६ महिने, इतरांचा ८.९. एका अभ्यासावरून आयुष्य वाढेल अशी हमी कुणी देऊ नये. पण लवकर बोलावण्याने काही बिघडत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

तेव्हा घरात कुणाला असा आजार असेल तर या आठवड्यात एक वही घ्या. दोन संस्थांना फोन करा. डॉक्टर कोण, हद्द कुठवर, मॉर्फिन कसं मिळतं, रात्री फोन कोण उचलतं, शेवटच्या दिवसांत कोण येतं, दाखला कोण देतं, या सहा प्रश्नांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा. उत्तर देणाऱ्याचा आवाज गोड होता की रुक्ष, ते लिहू नका. त्याने काय सांगितलं तेवढंच लिहा. आणि वही अशा जागी ठेवा की रात्री दिवा न लावताही हाताला लागेल.